टीसीडी मशीन: आठ महिने आणि एक नॉब

पोर्टेबल टीसीडी (कवटीबाहेरून मेंदूच्या धमन्यांतल्या रक्ताचा वेग मोजणारं अल्ट्रासाऊंड मशीन) घ्यायचं की सोनोग्राफीच्या फेज्ड अ‍ॅरे प्रोबवरच भागवायचं, यावर आमच्या आयसीयूत दोन बैठका झाल्या होत्या. डेमो बघून भुललो, घेतलं. आज लिहायला बसलोय ते मात्र हेडबँडच्या नॉबमुळे.

दोन मेगाहर्ट्झचे प्रोब डोक्याच्या दोन्ही बाजूंना धरून ठेवतो तो हेडबँड. त्याचा उजवा प्लॅस्टिकचा नॉब तिसऱ्याच महिन्यात चिरला. प्रोब जरासा सरकला की सिग्नल गायब. सलग मॉनिटरिंगसाठी घेतलेलं मशीन, आणि रेसिडेंट रात्रभर हाताने प्रोब धरून बसलेला! कंपनी म्हणते, सुटा नॉब मिळत नाही, अख्खा हेडबँड घ्या. कोटेशन वाचून मी आधी पाणी प्यायलो. शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून पितळेचा नॉब कातून आणला. दीडशे रुपये, वर त्याचाच चहा.

तोवर मशीनबद्दलही मत वाईटच होतं. कानापुढच्या पातळ हाडातून लहरी आत जायची खिडकी दहा-पंधरा टक्के लोकांत मिळतच नाही, वयस्कर बायकांत तर जास्तच. आमचे पहिले तिन्ही पेशंट नेमके सत्तरीपुढच्या आज्या. जेल ओतून ओतून उशा भिजल्या, स्पीकरवर नुसती खरखर. मी सगळ्यांना 'पांढरा हत्ती' सांगून मोकळा झालो.

ते मागे घेतो. नवा नॉब बसवला त्याच आठवड्यात फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमचा, म्हणजे मेंदूच्या धमनीवरच्या फुग्याचा, चाळिशीतला पेशंट क्लिप लावायचं ऑपरेशन होऊन आला. रोज सकाळी त्याच माणसाने, त्याच ५२ मिलिमीटर खोलीवर उजवी एमसीए (मेंदूची मधली मोठी धमनी) बघायची, असं ठरवलं. चौथ्या दिवशी सरासरी वेग ७० सेंटीमीटर प्रति सेकंद, मग ९५, सातव्या दिवशी १५८. तापाने, कमी हिमोग्लोबिननेही वेग चढतो, म्हणून मानेतल्या कॅरोटिड धमनीतल्या वेगाशी गुणोत्तर काढलं. चारच्या वर. तीन ओलांडलं की स्पाझमचा, म्हणजे धमनी आकसल्याचा, संशय घ्यायचा. पेशंट तेव्हा चारही हातपाय हलवत होता. सीटी अँजिओत स्पाझमच निघाला. संध्याकाळी डावा हात जड पडला, पण आम्ही तयारीत होतो. ब्लड प्रेशर वर नेलं, दोन तासांत त्याने माझं बोट घट्ट आवळलं.

एका रात्री आलेख अचानक खाली बसला. मी नॉबला शिव्या घातल्या. बघतो तर नाइटच्या पोराने व्हेंटिलेटरचा रेट वाढवलेला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ४० वरून ३० वर, आणि वेग जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. नॉबची माफी मागितली.

सेल्समन काहीही सांगो, हे मशीन वेग मोजतं, प्रवाह नव्हे. पीआयवरून (ठोक्यागणिक वेग किती वरखाली होतो ते सांगणारा आकडा) आयसीपीचा, म्हणजे कवटीतल्या दाबाचा, आकडा काढायच्या फंदात मी पडत नाही. पीआय चढत गेला की बुबुळं बघतो, सीटीला फोन लावतो, एवढंच. कंपनीची जेलची बाटलीही आता घेत नाही. सोनोग्राफीच्या पाच लिटरच्या कॅनमधलं जेल तितकंच चालतं.

गेल्या आठवड्यात कंपनीचा इंजिनिअर आला. पितळेचा नॉब दोनदा फिरवून पाहिला, फोटो काढला, "सर, हेडबँडची वॉरंटी बाद" म्हणाला. लिफ्टपाशी पोचल्यावर परत आला, लेथवाल्याचा नंबर मागायला.