शाळेसाठी घेतलेले बारा स्वस्त लॅपटॉप: नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी पन्हाळा तालुक्यात पश्चिमेकडच्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पहिली ते सातवी, पट ६१. गेल्या जुलैत आमच्याकडं बारा लॅपटॉप आले. गावची पुण्या-मुंबईला कामाला असलेली माणसं यात्रेला आली होती, वर्गणीतले पैसे उरले होते, त्यात सगळ्यांनी वरून भर घातली आणि मला विचारलं, बाई शाळेला काय घेऊया. मी लॅपटॉप म्हटलं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मशीन आली की निम्मं काम झालं. आता नऊ महिने झाले, बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं की आमच्या गावातपण घ्यायचेत, कसे आहेत, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

मशीन साधंच आहे. ११.६ इंच स्क्रीन, सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, एकाची किंमत १३,५००. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण या किमतीतले सगळे आतून जवळजवळ सारखेच असतात, रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, स्टोरेजपण तसंच, पुढं काही वाढवता येत नाही. त्यामुळं घेतानाच ४ जीबीच्या खाली जाऊ नका, २ जीबीवाला दीड-दोन हजारानं स्वस्त मिळतोय म्हणून घेतला तर पोरं एक फाईल उघडायला पाच मिनिटं बघत बसतील.

पहिला महिना वाईट गेला. लॅपटॉपसोबत जी सिस्टीम आली होती ती अपडेट मागत राहायची, आमच्याकडं नेट म्हणजे माझ्या मोबाईलचं हॉटस्पॉट, आणि ६४ जीबीतली बरीचशी जागा अपडेटनंच भरली. शेवटी गावातला एक इंजिनिअरिंगला शिकणारा पोरगा गणपतीला आला होता, त्यानं चार दिवस बसून सगळ्यांवर लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाकली, तिची एक्सएफसीई वाली आवृत्ती, ती हलकी चालते. त्यात लिबर ऑफिस (लिहायला आणि तक्ते करायला), जीकॉम्प्री (लहानांचे शिकायचे खेळ), टक्स पेंट (चित्रं काढायला), टर्टल ब्लॉक्स (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला) आणि किविक्स या नेटशिवाय वाचायच्या ॲपमधून अख्खा मराठी विकिपीडिया ऑफलाईन टाकला. एवढं सगळं फुकट आणि नेट नसताना चालतं. त्या दिवसापासून मशीन आमच्या कामाची झाली. पोरं विकिपीडियावर सगळ्यात आधी काय शोधतात सांगू, आपला तालुका. मग पन्हाळा किल्ला, मग जोतिबा, मग रंकाळा, आणि मग एकदम देवमासा.

मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट शिकवलं, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेली किबोर्डची मांडणी. बरेच जण म्हणतात इंग्रजी अक्षरांतून टाईप करायला लावा, सोपं पडतं, पण मला ते पटत नाही. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांटी आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, पोराला अक्षर कसं बनतं ते बोटानं कळतं. पाचवीतल्या एकाला 'कोल्हापूर' लिहायचं होतं, क आला, ओकार आला, ल आला, आणि पुढं 'लह' होत होतं. तो पाच-सहा वेळा खोडून परत तेच करत होता. मी म्हटलं, ल अर्धा कर आधी. म्हणे कसा करू? डी च्या बटणावर पाय मोडायचं चिन्ह आहे ते दाखवलं, त्यानं ल, मग डी, मग ह दाबलं आणि स्क्रीनवर 'ल्ह' जुळलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, अर्धा ल म्हंजे पाय मोडलेला ल व्हय!" पहिलीपासून तो जोडाक्षरं गिरवत होता, ती कशी बनतात ते त्याला त्या दिवशी दिसलं. घेताना एक बघा, देवनागरी अक्षरांचे स्टिकर वेगळे मागवून किबोर्डवर लावून घ्या.

आता बिघाडाचं. पैसे लॅपटॉपला लागतात त्याहून डोकं चार्जिंगला लागतं. एका मशीनचा चार्जर १२ व्होल्ट २ अँपियर म्हणजे २४ वॅट, बारा मशीनचे मिळून २८८, घरातल्या मिक्सरपेक्षा कमीच, त्यामुळं बिलाची भीती नाही. पण आमच्या वर्गात प्लग एकच होता. वेगळं वायरिंग आणि दोन चांगले एक्स्टेन्शन बोर्ड मिळून २,८०० गेले. पावसाळ्यात लाईट जाते ती कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते आणि कासारी नदीला पाणी आलं की रस्तापण बंद, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातले तीनच दिवस मशीन वापरता आली असं धरा. चार्जर तीन गेले, दोनांची वायर उंदरानं खाल्ली. बिजागरी दोघांची तुटली कारण पोरं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतात, ते पहिल्याच दिवशी शिकवा, मधोमध धरायचं. आणि मुंग्या! मधल्या सुट्टीत पोरं गूळ-शेंगदाणे खाऊन आली आणि तशाच हातानं किबोर्डवर बसली, दुसऱ्या दिवशी एका मशीनमधनं मुंग्यांची रांग बाहेर येत होती, तो किबोर्ड बदलावाच लागला. आता लॅपटॉपला हात लावायच्या आधी हात धुवायचे असा नियम आहे आणि तो पोरंच एकमेकांना पाळायला लावतात. चार्जर ६५० प्रमाणे तीन, बिजागऱ्या ९०० प्रमाणे दोन, किबोर्ड १,४००, वायरिंग धरून नऊ महिन्यांत ७,९५० झाले. शाहूपुरीतला एक रिपेअरवाला भला माणूस आहे, शाळेचं म्हटल्यावर मजुरी घेत नाही, फक्त पार्टचे घेतो. पण एवढ्या लांबून कोल्हापूरला जाऊन टाकायचं, परत आणायला जायचं, यात माझे किती रविवार गेले ते मोजलेले नाहीत.

हे सगळं होत असताना मी जुन्या प्रयोगांबद्दल वाचायला लागले. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या निकोलस नेग्रोपॉन्टी यांनी २००५ मध्ये १०० डॉलरचा लॅपटॉप, दर मुलामागं एक, अशी कल्पना मांडली होती. २००७ ला तो एक्सओ लॅपटॉप प्रत्यक्षात आला तेव्हा किंमत १०० वर राहिली नाही, २०० डॉलरच्या आसपास गेली. पण त्याची बनावट वाचून मला आमच्या मशीनबद्दल वाईट वाटलं. रबराचा सलग किबोर्ड, म्हणजे पाणी आणि धूळ आत जात नाही, पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, आणि स्क्रीन अशी की कडक उन्हात बॅकलाईट बंद करूनही काळं-पांढरं स्पष्ट वाचता येतं. आम्ही हिवाळ्यात पोरांना व्हरांड्यात उन्हाला बसवतो, तिथं आमच्या स्क्रीनवर फक्त आपलं तोंड दिसतं. पोरांसाठी म्हणून कुणीतरी विचार करून बनवलेलं मशीन आणि मोठ्यांसाठीचं स्वस्त करून पोरांना दिलेलं मशीन यात फरक असतोच. आपल्याकडं पण तो लॅपटॉप आला होता बरं का, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या शाळेत २००७ ला. पण केंद्र सरकारनं त्याआधीच, २००६ ला, देशभरासाठी नको म्हणून सांगितलं होतं.

पेरू देशात मात्र आठ लाखांच्या वर असे लॅपटॉप वाटले. तिथल्या ३१९ खेड्यातल्या शाळांचा अभ्यास झाला, २०१२ ला छापून आला, आणि त्यात दिसलं की गणित आणि भाषेच्या मार्कांत काहीच फरक पडला नाही. विचार करायच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला तेवढाच. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, गावाचे १,६२,००० रुपये माझ्या शब्दावर खर्च झाले होते. पण त्यातच पुढं एक गोष्ट होती, बऱ्याच पोरांना लॅपटॉप घरी न्यायलाच मिळत नव्हता, फुटला किंवा चोरीला गेला तर भरून कोण देणार या भीतीनं. आणि मी काय करत होते? सुट्टी झाली की बाराच्या बारा मोजून लोखंडी कपाटात, कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. आठवड्यातनं दोन तास, एका मशीनवर दोघं. म्हणजे एका पोराच्या हातात आठवड्याला एक तास. एवढ्यात काय होणार आहे?

दिवाळीच्या आधी पालकांची मीटिंग घेतली. बाप लोक गप्प बसले, आया बोलल्या. एक म्हातारी आजी आली होती नातवाच्या वतीनं, ती म्हणाली, "फुटलं तर आमी इकायचं काय, म्हस?" प्रश्न बरोबर होता. तेव्हा ठरवलं की कुणाकडून भरून घ्यायचं नाही, पाचवी ते सातवीच्या चोवीस घरांनी महिन्याला वीस रुपये डब्यात टाकायचे, मुद्दाम फोडलं नसेल तर दुरुस्ती त्यातनं. महिन्याला ४८० जमतात आणि ते पुरतात, वर लिहिलेला दिवाळीनंतरचा सगळा खर्च त्यातनंच निघाला. आयांनी जुन्या वाकळीच्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या, चार पदरी, आत लॅपटॉप अगदी घट्ट बसतो, बाजारातल्या कव्हरपेक्षा चांगल्या. आठवडाभर एकाकडं, पुढचा आठवडा जोडीदाराकडं.

खरा फरक तिथून पडला. सहावीतल्या एका मुलीच्या घरी दोन म्हशी आहेत, तिनं डेअरीच्या स्लिपा कॅल्कमध्ये, म्हणजे लिबर ऑफिसच्या तक्त्यात, भरायला सुरुवात केली, तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. मी सांगितलं नव्हतं, तिनं मला पगाराचा तक्ता करताना बघितलं होतं. सोमवारी मशीन घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, मशीन खुळं हाय. स्लिपेवर ३.५० हाय, मी ३.५० टाकलो, मशीननं शून्य खाल्लं." आणि वर तिनं लिटरच्या रकान्यात मोठ्याकडून लहान असं लावून बघितलं होतं तर ३.५ वर आणि ३.४५ खाली. "पंचेचाळीस मोठं का पाच मोठं, बाई?" पाचवीत मी दशांश अपूर्णांक तीन आठवडे शिकवले होते, फळ्यावर, रकाने पाडून, आणि ही हुशार मुलगी परीक्षेत पास झाली होती. मी तिला एवढंच विचारलं, ३.५ लिटर दूध तू तोंडानं काय म्हणशील? म्हणाली, साडेतीन. आणि ३.४५? ती थांबली, बोटांनी काहीतरी मोजलं, आणि हळू म्हणाली, "साडेतीनला पन्नास मिली कमी." मग स्वतःच हसली आणि जाऊन सगळ्या वर्गाला समजावून आली, माझ्यापेक्षा चांगलं.

पुढं तिनं सकाळची आणि संध्याकाळची सरासरी काढली. संध्याकाळच्या दुधाचं फॅट जास्त निघालं. वडील म्हणाले त्यात काय नवीन, सकाळचं दूध पातळच असतंय. पण का ते घरात कुणाला सांगता येईना, मग वर्गात त्यावर अर्धा तास चर्चा झाली, दोन धारांमधला रात्रीचा टप्पा लांब असतो, दूध जास्त साठतं आणि फॅट कमी लागतं, इथपर्यंत पोरं आली. आता अकरा घरांच्या स्लिपा अशा भरल्या जातात. एका पोरानं आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून टाईप केल्या, चाळीस झाल्या, आजीला अजून आठवतायत.

सगळं छान आहे असं नाही. घरी गेलेलं मशीन मोठा भाऊ पिक्चर बघायला घेतो, ही तक्रार दर आठवड्याला आहे. आणि मुलींना घरी गेल्यावर भांडी, पाणी, शेण, त्यांच्या हातात लॅपटॉप रात्री नऊनंतर येतो, तोपर्यंत डोळे मिटायला लागतात. शाळेत जोडी मुलगा-मुलगी असली की माऊस मुलाकडंच जातो हे मला तीन महिने लक्षातच आलं नाही. आता शाळेत सोमवार ते बुधवार मशीन मुली चालवणार आणि मुलगे बाजूला बसून सांगणार असं आहे, आणि जिच्या घरी फार काम आहे तिला शाळा सुटल्यावर एक तास इथंच बसू देते.

आपल्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे आपण दर जयंतीला सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात बोर्डिंगं उभी करायला मदत केली होती, कारण खेड्यातनं आलेलं पोर राहणार कुठं, जेवणार काय, याचा विचार आधी केला होता. लॅपटॉप द्यायला निघालेल्या सगळ्यांना माझं तेच सांगणं आहे. उरुग्वेनं २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला मशीन दिलं, पण सोबत शाळांना इंटरनेट आणि दुरुस्तीची सोय पण उभी केली. तुमच्याकडं दोन लाख असतील तर दहाच मशीन घ्या आणि उरलेले पैसे चार्जर, बिजागऱ्या, वायरिंग आणि एका माहितगार पोराच्या जाण्या-येण्याच्या खर्चाला बाजूला ठेवा. आणि घरी द्यायची हिंमत नसेल तर घेऊ नका, ते पैसे वाचनालयाला द्या, पुस्तकं तरी पोरं घरी नेतील.

बॅटरी नवीन असताना सहा तास चालायची, आता साडेचार. कॅमेरा अगदीच सुमार. आवाज बारीक, वर्गात ऐकू येत नाही, वेगळा स्पीकर लागतो. वजन सव्वा किलो, पाचवीतलं पोरसुद्धा आरामात नेतं.

बारापैकी अकरा आज चालू आहेत. बाराव्याचा बोर्ड गेलाय, वॉरंटी एक वर्षाची आहे म्हणून सर्व्हिस सेंटरला दिलाय, सात आठवडे झाले, दर वेळी पुढच्या आठवड्यात या म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत अकरा घरी जाणार, कुणाकडं कधी याची यादी पोरांनी कॅल्कमध्येच केलीय, आणि बाराव्याची जागा त्यांनी रिकामी ठेवलीय. बारीक गोल पिनचा १२ व्होल्टचा चांगला चार्जर कोल्हापुरात ६५० पेक्षा कमी किमतीत कुठं मिळत असेल तर कळवा, मला चार लागणार आहेत.