गेम ऑफ थ्रोन्सचा बोर्ड गेम आणि दादाची दोन जहाजं

दिवाळीच्या सुट्टीत एकदाची सहा माणसं एका टेबलाला बसली आणि वर्षभर कपाटावर धूळ खात पडलेला, जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या कादंबऱ्यांवरचा 'अ गेम ऑफ थ्रोन्स: द बोर्ड गेम' खाली उतरला. दुसरी एडिशन, 2011 ची, ख्रिश्चन पीटरसनचं डिझाइन. खोक्यावर 2 ते 4 तास लिहिलंय, आमचे साडेपाच गेले, त्यातला एक तास तर नुसता रूलबुकवर वाद घालण्यात, त्यामुळे जेवणं उरकूनच बसा.

सहा घराणी, 10 राउंड, सात किल्ले आधी ज्याचे तो जिंकला, आणि कुणालाच जमले नाहीत तर शेवटी ज्याचे जास्त तो. फासे नाहीत. आपल्या प्रत्येक जागेवर ऑर्डरचं टोकन पालथं ठेवायचं, मार्च, डिफेन्स, सपोर्ट वगैरे, आणि सगळ्यांचं झालं की एकदम उघडायचं. टोकनं ठेवताना कुणाशी काय वाट्टेल ते ठरवा, पण दिलेला शब्द पाळायचं बंधन कुणावर नाही असं नियमातच आहे. सगळी गंमत तिथेच आहे.

मी लॅनिस्टर, मावसभाऊ (आम्ही दादाच म्हणतो) ग्रेजॉय, वहिनी स्टार्क. नकाशावरच्या रिव्हररन किल्ल्यात माझा एक नाइट आणि एक फूटमन, म्हणजे ताकद 3. वहिनी दोन नाइट घेऊन येणार हे दिसतच होतं, म्हणजे 4. शेजारच्या समुद्रात दादाची दोन जहाजं, ताकद 2. "तू घाबरू नकोस, मी सपोर्ट लावतो," म्हणाला. टोकनं उघडली तर खरंच सपोर्ट लावलेला! मला इतकं बरं वाटलं की चहाचा कप उचलला. आणि वहिनीचा मार्च आला तेव्हा दादा शांतपणे म्हणतो, सपोर्ट स्टार्कला. नियमात बसतं हो ते, सपोर्टचं टोकन कुणाच्या नावाचं नसतं, लढाई लागली की शेजारच्याने तिथल्या तिथे सांगायचं कुणाच्या बाजूने. 5-4 चं झालं 3-6. लढाईत प्रत्येकाने आपल्या घराण्यातल्या माणसाचं एक कार्ड टाकायचं असतं, त्यावरचा आकडा ताकदीत मिळवायचा. टायविनचं 4 चं कार्ड टाकलं तरी 7 च होत होते, वहिनीने 3 चा रॉब टाकून 9 केले. म्हणजे बघा, खोटं तो काहीच बोलला नव्हता, सपोर्ट लावतो म्हणाला आणि लावला, कुणाला ते मी विचारलंच नाही. चिडलो तर मी आहेच पण कौतुकही वाटलं.

वाइल्डलिंग्जचा (उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या टोळ्यांचा) हल्ला हा अजून एक नमुना. सगळ्यांनी मिळून भिंत वाचवायची, प्रत्येकाने आपले पॉवर टोकन (गेममधलं चलनच म्हणा) मुठीत लपवून धरायचे आणि एकदम उघडायचे. तोंडाने सगळे "मी चार टाकतोय" आणि मुठीत एक. बेरीज कमी पडली तर भुर्दंड सगळ्यांना, पण सगळ्यात जोरात बसतो तो सगळ्यात कमी टाकणाऱ्याला, त्यामुळे चिकटपणा पण मापात करावा लागतो. सोसायटीची वर्गणी काढलेल्यांना वेगळं समजवायला नको.

आता माझी खरी तक्रार (पुस्तकं वाचली नसतील तर हा पॅरा सोडा). इथे गद्दारी फक्त शेजाऱ्याची आहे, घरातली नाही. प्रत्येक घराण्याला माणसांची सात कार्डं मिळतात आणि ती सातही मुकाट्याने तुमचं ऐकतात. स्टार्ककडचा रूझ बोल्टन घ्या. 2000 साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात आपल्याच राजाच्या, रॉब स्टार्कच्या काळजात तलवार खुपसणारा हाच, आणि इथे त्याची पॉवर काय, तर त्याला टाकून तुम्ही लढाई हरलात की वापरून झालेली सगळी कार्डं परत तुमच्या हातात. अहो, याच्याइतका निष्ठावंत सरदार अख्ख्या खोक्यात नाही! बॅराथिऑनच्या हातात तर अजून मजा, स्टॅनिस, त्याने ज्याचा काटा काढला तो सख्खा भाऊ रेनली, ते काम जिने केलं ती मेलिसांड्रे आणि रेनलीचा सूड घ्यायची शपथ घेतलेली ब्रिएन, चौघं एकाच पानदानात बसावेत तसे. पुस्तकात राजे पडतात ते बहुतेक आपल्याच माणसांमुळे. इथे तुमचा माणूस फुटायची भीतीच नाही, म्हणून त्याला सांभाळायचं टेन्शनही नाही. हरलेल्या लढाया मोजून एखादं कार्ड पलीकडे जाईल असा एक नियम असता तर मी घर विकून हा गेम घेतला असता.

2018 च्या 'मदर ऑफ ड्रॅगन्स' या एक्स्पान्शनमध्ये (मूळ गेमला जोडायच्या वेगळ्या खोक्यात) थोडं तिकडे गेलेत. ज्या घराण्याला खेळाडू नाही ते मांडलिक होतं आणि दर राउंडला त्याचा धनी बदलू शकतो. मागच्या राउंडला ज्याच्यासाठी लढले त्याच्यावरच पुढच्या राउंडला चालून जातात बिचारे. पण ती त्यांची गद्दारी नाही ना, आपण हलवू तसे हलतात.

बाकी कुरकुर म्हणजे लॅनिस्टरची सुरुवातच वाईट आहे, ग्रेजॉय अगदी उशाला बसलेला, आणि त्याने पहिल्याच राउंडला ठरवलं तर तुमची संध्याकाळ तिथेच संपली. तीन जणांत खेळू नका, मजा नाही, दगा द्यायला पर्यायच कमी पडतात. बोर्ड आणि कार्डांवरची चित्रं मस्त, टोकनं जाडजूड. माझ्या ऑनलाइन विक्रेत्याने खोकं मात्र कोपरा चेपलेलं पाठवलं आणि वर म्हणाला आतला माल तर ठीक आहे ना.

पाचपैकी चार. सहा माणसं जमत असतील तरच घ्या, आणि नवराबायकोला शेजारशेजारची घराणी देऊ नका. दादा आणि वहिनीचं रिव्हररनचं जेवणाआधीच स्वयंपाकघरात ठरलं होतं, हे मला दोन दिवसांनी मावशीकडून कळलं.