फेराइटची रिंग की पेनची नळी?

भुसावळचा भाचा विचारतो, "मामा, 1.5 व्होल्टच्या उतरलेल्या सेलवर एलईडी पेटवायचाय, व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटची कॉइल कशावर गुंडाळू?"

खर्च सारखाच. तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात उरलेली मिळते, फेराइटची (लोहयुक्त, काळ्या चुंबकीय पदार्थाची) रिंग बंद सीएफएलमधून निघते. काच मात्र फोडू नकोस, आत पारा असतो.

नळीवर गुंडाळणं सोपं. रिंगमध्ये प्रत्येक वेढा भोकातून ओवावा लागतो, बोटं दुखतात. पण तिथे दोन तारा जोडीने 10-15 वेढे पुरतात. एकीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचा. नळीवर तेवढ्याच परिणामासाठी कितीतरी जास्त वेढे लागतात, तारेचा रोध वाढतो. टोकांचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीजरोधक लेप, खरवडलं नाही, तर दोन्ही वाया.

तुझ्या सेलला रिंगच घे. 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या एफएम सर्किटला नळीवरची पाच-सहा वेढ्यांची कॉइल बरी. वेढे किंचित ताणून स्टेशन जुळवता येतं.