सेकंड सिटी, शिकागो : तिसऱ्या अंकासाठी काढावे असे तिकीट

शिकागोला आलेल्या मराठी पाहुण्यांना यजमान काय काय दाखवणार हे बहुतेक ठरलेलेच असते. सरोवराचा काठ, मिलेनियम पार्कातले 'बीन' नावाचे चकचकीत शिल्प, नदीतून उंच इमारती दाखवत नेणारी बोट आणि विवेकानंदांच्या १८९३ च्या भाषणामुळे आर्ट इन्स्टिट्यूट. या यादीत नॉर्थ वेल्स स्ट्रीटवरच्या १६१६ क्रमांकाच्या नाट्यगृहाची भर घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिथे नेमके काय पाहायचे, हे आधी समजून घेतलेले बरे. 'सेकंड सिटी' ही मंडळी उत्स्फूर्त विनोदी नाट्याचे, म्हणजे ज्याला आता आपणही सर्रास 'इम्प्रोव्ह' म्हणतो त्याचे, माहेरघर मानली जाते. पण तिकिटावर जो मुख्य खेळ असतो तो उत्स्फूर्त नसतो. तो दोन अंकांचा, तालमींतून आणि प्रेक्षकांसमोर घासूनपुसून पक्का केलेला स्किट्सचा, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशांचा, आणि गाण्यांचा कार्यक्रम असतो. संहिता नसलेला भाग त्यानंतर, बहुतेकदा रात्रीच्या शेवटच्या खेळाला जोडून, तिसऱ्या अंकात येतो आणि मुख्य खेळाचे तिकीट काढलेल्यांना त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. अनेक जण दुसरा अंक संपताच गाडीकडे निघतात. त्यांनी अर्धेच पाहिले असे मी म्हणेन, आणि असे का म्हणतो हे कळण्यासाठी या मंडळींच्या सुरुवातीच्या वर्षांकडे जावे लागते.

पॉल सिल्स, बर्नार्ड साहलिन्स आणि हॉवर्ड ॲल्क या तिघांनी १६ डिसेंबर १९५९ रोजी याच रस्त्यावर थोडे उत्तरेला, १८४२ क्रमांकाच्या जागेत पहिला खेळ लावला. आधी तिथे चिनी लाँड्री होती. न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात ए. जे. लीबलिंग यांनी १९५२ साली शिकागोची यथेच्छ टवाळी करणारी लेखमाला लिहिली होती आणि तिच्यात या शहराला दुसऱ्या नंबरचे शहर ठरवले होते. मंडळींनी तेच बिरुद पाटीवर लावले. पहिल्या संचात सात जण होते : स्वतः ॲल्क, रॉजर बोवेन, सेव्हर्न डार्डन, अँड्र्यू डंकन, बार्बरा हॅरिस, मीना कोल्ब आणि यूजीन ट्रूबनिक. पियानोवर विल्यम मॅथ्यू होते. नेपथ्य जवळपास नव्हतेच. लाकडी पाठीच्या काही खुर्च्या, एखाददुसरी टोपी आणि प्रवेश संपला की झटकन होणारा अंधार एवढ्यावर सगळे भागवले जाई. ते आजही बऱ्याच अंशी तसेच आहे, आणि त्यात काटकसरीइतकाच हिशेबही आहे, कारण पुढच्या क्षणी दवाखाना लागेल की विमान हे ठाऊक नसेल, तर रंगमंचावर खुर्चीखेरीज काहीही ठेवणे ही अडचणच.

ही मंडळी आकाशातून पडली नव्हती. १९५५ च्या जुलैत शिकागो विद्यापीठाच्या परिसरात, हाइड पार्कमधल्या एका बारमध्ये 'कंपास प्लेयर्स' नावाचा संच सुरू झाला होता. त्यामागे डेव्हिड शेफर्ड आणि हेच पॉल सिल्स होते. कामगारवर्गासाठी त्याच्याच जगण्यावर बोलणारे रंगपीठ उभारावे, असे शेफर्ड यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात समोर येऊन बसले ते विद्यापीठातले विद्यार्थी आणि प्राध्यापक. पद्धत अशी होती की प्रवेशांचा क्रम आणि प्रत्येक प्रवेशात काय घडायचे याचा आराखडा आधी ठरायचा, संवाद मात्र नटांनी उभ्या उभ्या रचायचे. ज्यांनी सिंधुदुर्गात जत्रेतला दशावतार रात्रभर बसून पाहिला आहे, त्यांना यात नवल वाटू नये : तिथेही आख्यान ठरलेले असते आणि राजाने राक्षसाला काय सुनवायचे हे त्या रात्रीवर सोडलेले असते. माइक निकल्स, इलेन मे आणि शेली बर्मन हे पुढे अमेरिकाभर गाजलेले कलावंत या कंपासमधले आहेत. निकल्स-मे जोडीचे नाव सेकंड सिटीच्या खात्यावर सर्रास जमा केले जाते, ते बरोबर नाही. लाँड्रीच्या जागेत पडदा उघडला तेव्हा ती जोडी न्यूयॉर्कची झालेली होती.

आणखी मागे गेले की व्हायोला स्पोलिन भेटतात. त्या पॉल सिल्स यांच्या आई. १९२० च्या दशकात त्या हल हाऊस या सेवाभावी संस्थेत नेव्हा बॉइड यांच्याकडे समूहखेळांचे शिक्षण घेत होत्या, आणि मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेच्या करमणूक विभागात नाट्यशिक्षणाचे काम त्यांच्याकडे आले. समोर वेगवेगळ्या देशांतून आलेल्या कुटुंबांतली माणसे होती. त्यांना अभिनयाची व्याख्याने देऊन काही साधणार नव्हते. म्हणून त्यांनी प्रत्येक अडचणीसाठी एक खेळ तयार केला. उदाहरणार्थ आरशाचा खेळ : दोघे समोरासमोर उभे राहतात, एक जण हात हलवतो, दुसरा त्याचे प्रतिबिंब होतो, मग अदलाबदल, आणि ही अदलाबदल इतकी जलद होत जाते की शेवटी पुढाकार कोणाचा आणि नक्कल कोणाची हे दोघांनाही सांगता येत नाही. खेळ चालू असतानाच बाजूने सूचना द्यायच्या, थांबवून चुका काढायच्या नाहीत, हाही त्यांचा दंडक. सिल्स यांनी हेच खेळ कंपासच्या आणि नंतर सेकंड सिटीच्या नटांना शिकवले, आणि १९६३ साली स्पोलिन यांचे हे सारे काम पुस्तकरूपाने बाहेर आले. हा तपशील मी मुद्दाम लांबवला आहे, कारण आज शहरोशहरी, मुंबई-पुण्यातल्या कार्यशाळांतसुद्धा, जे खेळ घेतले जातात त्यांतल्या कित्येकांची वंशावळ या बाईंपर्यंत जाते आणि घेणाऱ्यांना बहुधा त्याची कल्पना नसते.

सेकंड सिटीने नवे काय केले, तर जे काल रात्री सुचले आणि वठले ते टाकून दिले नाही. मराठी रंगभूमीवर नटाने संहितेबाहेरचे वाक्य घातले की त्याला 'ॲडिशन' म्हणतात. लेखक त्याने कावतो, निर्माता हशा मोजतो, आणि पंचविसाव्या प्रयोगापर्यंत ती ॲडिशन नाटकाचाच भाग होऊन बसते. सेकंड सिटीने या चोरट्या व्यवहाराला राजमान्यता दिली. तिसऱ्या अंकात प्रेक्षकांकडून विषय घ्यायचे, त्यावर कच्चे प्रवेश करून पाहायचे, त्यांतले धरले जाण्याजोगे निवडायचे, पुन्हा करायचे, छाटायचे आणि काही आठवड्यांनी तेच पहिल्या दोन अंकांत पक्के करायचे. येथे लेखकाचे टेबल म्हणजे प्रेक्षकांसमोरचा तो उघडा तिसरा अंकच. शिकागो विद्यापीठाने १९३९ साली आपला (लांबट चेंडूच्या अमेरिकन) फुटबॉलचा संघ मोडीत काढला होता. तिथे फुटबॉल पुन्हा शिकवायला घेतला तर काय होईल, यावरचा प्रवेश त्या पहिल्या काळात फार गाजला : प्रशिक्षक चेंडू पुढे करतो आणि विद्यार्थी त्या चेंडूच्या आकाराची भूमितीय मीमांसा करू लागतात. डार्डन आपले जर्मन धाटणीचे प्रोफेसर घेऊन विश्वाच्या स्वरूपावर निरर्थक व्याख्यान झोडत. १९६० मध्ये ॲलन आर्किन संचात आले आणि त्यांचा व बार्बरा हॅरिस यांचा कलासंग्रहालयातला प्रवेश उभा राहिला : एक गिटारवाला भटक्या आणि एक चापूनचोपून वागणारी मुलगी चित्रासमोर भेटतात, बस. त्यात विनोदाइतकीच हुरहुर होती, असे तो पाहिलेले लोक सांगत आले आहेत, आणि विनोदी स्किटने हुरहुर लावणे ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती.

यश लवकर आले. सप्टेंबर १९६१ मध्ये मंडळी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पोचली. खेळ डिसेंबरपर्यंतच टिकला, पण बार्बरा हॅरिस यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले. शिकागोत दुसरा संच उभा करावा लागला आणि त्याच वर्षी, पुढे विनोदकार म्हणून गाजलेल्या जोन रिव्हर्स शिकागोच्या संचात आल्या. या यशाची किंमत घरातच मोजली गेली. सिल्स यांना ठरीव कार्यक्रमाचा कंटाळा आला आणि दशकाच्या मध्याला ते आईबरोबर निव्वळ तिच्या त्या अभिनयाच्या खेळांच्या रंगभूमीकडे वळले. साहलिन्स यांचे म्हणणे असे की उत्स्फूर्तता हे साधन आहे, प्रेक्षक पैसे मोजतो तो तयार मालाचे. डेल क्लोज यांनी, जे कंपासच्या सेंट लुईस शाखेतून आले आणि इथे अनेक वर्षे दिग्दर्शक होते, हट्टाने उलट बाजू लावून धरली : उत्स्फूर्त प्रयोग हीच पूर्ण कला, तिला पक्क्या स्किटची पायरी समजू नका. दोघांत साहलिन्स यांचे पारडे मला जड वाटते, पण निसटतेच. क्लोज यांचा हट्ट नसता तर तिसरा अंक कधीच निव्वळ नेटप्रॅक्टिस होऊन संपला असता.

आता प्रत्यक्ष अनुभवाविषयी. १९६७ पासून मंडळी सध्याच्या जागेत आहे. दर्शनी भागाकडे दोन मिनिटे थांबून पाहावे : १९६१ साली पाडलेल्या गॅरिक थिएटरचे, लुई सलिव्हन यांच्या वास्तूचे, मातीकामातले कमानींचे तुकडे आणि दाढीवाल्या पुरुषांचे अर्धपुतळे तिथे बसवलेले आहेत, आणि विनोदी खेळाच्या दाराशी इतके गंभीर चेहरे ही योजना मला तरी फार आवडते. आत रांगांऐवजी लहान टेबले आहेत, खेळ चालू असताना खाणेपिणे चालते आणि बसणे दाटीवाटीचे असते. अशा रंगपीठाला दाटी मानवतेच, कारण हशा एका टेबलावरून दुसऱ्यावर जायला अंतर कमी लागते. मी पाहिलेल्या रात्री पहिले दोन अंक वेगवान आणि तालेवार होते. सहाही नटांचे गाणे, अंगविक्षेप आणि टायमिंग एका पातळीवरचे होते. पियानोवादकाकडे लक्ष ठेवावे, अशी खास शिफारस. प्रवेश कुठे तोडायचा हे कित्येकदा तोच ठरवतो, आणि त्याने सूर बदलला की प्रकाशयोजना करणाऱ्याचा हात त्याच क्षणी हलतो.

तिसऱ्या अंकात एका नटीने प्रेक्षकांकडे एखादे कार्यालय मागितले, कोणीतरी वाहन-परवान्याची कचेरी ओरडला. तिने एक खुर्ची प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवली आणि नुसत्या हाताने टोकनचा कागद फाडला. दुसरा नट येऊन तिच्या मागे उभा राहिला आणि आपण इथे गेल्या गुरुवारपासून उभे आहोत असे म्हणाला. इथे सोपा मार्ग होता तो म्हणजे सरकारी दिरंगाईवर विनोद करत सुटणे. तिने तसे केले नाही, तिने वळून त्याला विचारले, "घरी कोणी वाट पाहत नाही का?" तिथून तो प्रवेश एका एकट्या माणसाचा झाला, ज्याला रांगेतली माणसे हेच गोतावळा वाटू लागले होते. मागून आलेले चौघे आपापले टोकन न बदलता त्याच्याभोवती त्याचा वाढदिवस साजरा करू लागले तेव्हा हशा प्रचंड आला. समोरच्याने जे दिले ते नाकारायचे नाही, हा १९५७ च्या सुमारास सेंट लुईसमध्ये इलेन मे आणि थिओडोर फ्लिकर यांनी घालून दिलेल्या नियमांतला पहिला नियम पुस्तकात वाचताना बाळबोध वाटतो. तो पाळल्याने काय घडते हे असे दिसते. पुढचा एक प्रवेश रंगला नाही आणि विंगेतल्या नटाने रंगमंचाच्या पुढून धावत जाऊन तो तिथेच पुसून टाकला, म्हणजे संपवला. कोणी ओशाळले नाही. कच्च्या कामाला हे स्वातंत्र्य असलेच पाहिजे.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवतो. मुख्य खेळात अमेरिकन राजकारण, जाहिराती आणि शहरातल्या वस्त्यांचे संदर्भ भराभर येतात. नुकत्याच भारतातून आलेल्या आईवडिलांना ते निसटण्याची शक्यता आहे, आणि भाषा व विषय लहान मुलांसमोर चालण्यासारखे असतीलच असे नाही. तिसऱ्या अंकात मात्र संदर्भ कमी आणि माणसे जास्त असतात, त्यामुळे इंग्रजी बेताचे असलेल्यालाही तो अधिक कळतो, असा माझा अनुभव आहे. दुसरे असे, की सुरुवातीच्या वर्षांचे जे गोडवे गायले जातात ते ऐकताना तो संच पूर्णपणे गोऱ्यांचा होता हे विसरू नये. मुख्य संचात पहिला कृष्णवर्णीय नट, बॉब करी, १९६६ मध्ये आला. शहराच्या दक्षिण भागात, जिथे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे, जन्मलेल्या पद्धतीला तिथल्या माणसांसाठी दार उघडायला इतका वेळ लागावा, ही बाब इतिहासाच्या पुस्तिकेतल्या एका ओळीत उरकण्यासारखी नाही.

तिकीट आठवड्याच्या मधल्या दिवसाचे आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाचे घ्यावे. त्या रात्री तिसरा अंक आहे ना, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. आणि सूचना मागितल्या की संडास किंवा गुप्तरोगतज्ज्ञ ओरडू नये. या नटांनी ते दोन्ही पुरेसे करून झाले आहे. त्यापेक्षा रोजच्या व्यवहारातले काही सांगावे, जसे बँकेचा लॉकर, दाढदुखी किंवा सोसायटीची वार्षिक सभा. ही सभा शिकागोतही भरते, आणि तिथे पार्किंगवरून काय होते हे नटांना समजावून सांगावे लागत नाही.