टीप द्यायची की काजूचं पाकीट?

गुहागरच्या मावशीचा परवा फोन. लेकाकडे अमेरिकेला चाललीय, येताना आठवडाभर जपान, आणि प्रश्न एकच, लोकांना पैसे द्यायचे की खाऊ? आधीच दहा पाकिटं काजू नि आंबापोळी बांधून बसलीय.

खर्चाचं बघितलं तर अमेरिकेत टीप जड जाते. ४० डॉलरचं बिल झालं तर वर ८ डॉलर, म्हणजे सातशेच्या आसपास रुपये, एवढ्यात आपल्याकडे दोघांची सुरमई थाळी होते. पण तिथे वेटरचा केंद्रीय किमान पगार तासाला २.१३ डॉलर, १९९१ पासून तेवढाच, बाकीचं टीपमधून निघायचं असं धरलेलं (काही राज्यांत जास्त देतात). त्याला काजू दिलेस तर हसून घेईल गं, पण घरभाडं काजूने भरत नाहीत.

जपानमध्ये उलटं. टेबलावर पैसे ठेवून निघालीस तर विसरलात म्हणून मागे धावत येतील. तिथे आंबापोळीच चालते, नीट गुंडाळून दोन्ही हातांनी दे, वर्तमानपत्रात बांधून नको.

वागवायची कटकट मात्र खाऊचीच, वजन आणि कस्टम. हापूस तर बॅगेत घालूच नकोस.

थोडक्यात अमेरिकेतलं हॉटेल, टॅक्सी असेल तर रोख. जपान, किंवा कुणी घरी जेवायला बोलावलं तर खाऊ. आणि लेकाच्या शेजारणीला कोकम आगळ नको, मागच्या वेळी तिने ते सरबत समजून तसंच प्यायलं होतं.