वाफ थिजवायची की वाहू द्यायची?

समोर कूलिंग टॉवर, चिमण्या, पाइपांचं जाळं, आणि त्यातून उसळणारी वाफ. शटर वेगवान ठेवायचं की ट्रायपॉड लावून लांब एक्स्पोजर घ्यायचं, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवायचं? मी दोन्ही करतो, आणि दर वेळी आधी स्वतःला एकच विचारतो: आज फोटो वाफेचा काढायचाय की इमारतीचा?

वाफेचा असेल तर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. आपल्याला दिसतात ते थंड हवेत तिचे झालेले पाण्याचे बारीक थेंब. म्हणून दाबाखालची वाफ नळीतून सुटते तिथे तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि मग एकदम पांढरा लोट फुटतो. ती रिकामी जागा, लोटाच्या कडेला एकातून एक उमलणारे गोळे, मध्येच तुटून वर गेलेला एखादा पुंजका, हे सगळं वेगवान शटरच टिपतं. आणखी एक सोय म्हणजे लोट सारखा बदलतो, त्यामुळे पाच मिनिटांत शंभर फ्रेम घेऊन त्यातली एक निवडता येते. तोटा एकच, पण मोठा: दाट लोट आडवा आला की मागची इमारत झाकली जाते.

लांब एक्स्पोजरचं मर्म नेमकं इथे आहे. लोट हलत राहतो, इमारत जागची हलत नाही. आठ सेकंदांत प्रत्येक पाइपासमोरून वाफ येते आणि जाते, त्यामुळे ती विरळ होते आणि तिच्यातून जिने, कठडे, रिव्हेट दिसू लागतात. दिवसा यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्समध्ये येणारा प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतो. १० स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) लावला तर १/१२५ सेकंदाचे साधारण ८ सेकंद होतात, ६ स्टॉपच्या फिल्टरने अर्धा सेकंद. पण वाऱ्याची दिशा बदलत असेल तर लोट पंख्यासारखा पसरून अर्धं आकाश पांढरं करून टाकतो. ३० सेकंदांच्या पुढे तर बहुतेक वेळा वाफेला आकारच उरत नाही. मला स्वतःला अर्धा ते दोन सेकंद सर्वांत आवडतात; लोटाचे धागे दिसतात आणि दिशाही कळते.

फिल्टर नसेल तर ट्रायपॉडवरून १६ छोटे एक्स्पोजर घेऊन त्यांची सरासरी काढा. परिणाम जवळपास तोच येतो, शिवाय नॉइज, म्हणजे फोटोतले खरखरीत ठिपके, चौथ्या हिश्शावर येतो.

प्रकाशाच्या बाबतीत दोन्हींचे मार्ग वेगळे. थिजवलेल्या वाफेला सूर्य मागून हवा. थेंब प्रकाश मुख्यतः पुढे फेकतात, त्यामुळे कडा पेटल्यासारख्या उजळतात. तेव्हा प्रकाशाचं मोजमाप सर्वांत उजळ भागावर करा. पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फाइलमधूनही) परत येत नाही. लांब एक्स्पोजरला ढगाळ दिवस किंवा संधिप्रकाश बरा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने १९५९पासून झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, कूलिंग टॉवर टिपले, ते मुद्दाम ढगाळ, सावली न पडणाऱ्या उजेडात. त्यांना रचनाच दाखवायची होती. इमारत हाच विषय असेल तर त्यांचे फोटो जरूर बघा, कॅमेरा किती सरळ धरलेला असतो तेही.

हवा मात्र दोन्हींना तीच लागते: थंड, दमट सकाळ. कोरड्या दुपारी तोच टॉवर जेमतेम एक शेपूट सोडतो, कारण थेंब लगेच हवेत विरून जातात.

पहिल्यांदाच जात असाल तर वेगवान शटरने सुरुवात करा. कमी सामान लागतं, चूक लगेच दिसते आणि वाफ कशी वागते हे डोळ्यांत बसतं. आणि जिथून लोट इमारतीवर आडवा येतो, अशी जागा मनाशी हेरून ठेवा; ट्रायपॉड घेऊन परत जायचं ते तिथेच.