बॅटरी टर्मिनल क्लीनिंग किट: ब्रशसाठी घ्या, बाकीचं पारखून

गाडीच्या बॅटरीवर जमणारी पांढरी-हिरवी पूड काढायला जे किट मिळतात, त्यांत साधारण चार वस्तू असतात: दुतोंडी तारेचा ब्रश, क्लीनरचा कॅन, नंतर मारायचा संरक्षक स्प्रे आणि लाल-हिरवे फेल्टचे वॉशर. यांतला ब्रश पैसे वसूल करतो. क्लीनरचं काम खायचा सोडाही तितकंच चोख करतो. स्प्रे बरा आहे. वॉशर मात्र सगळ्याच बॅटऱ्यांना चालत नाहीत.

ब्रशला एवढा मान का, तर वर दिसणारी पूड काढून प्रश्न सुटत नाही. खरा अडथळा क्लॅम्पच्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीच्या, आत असतो. पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) आणि क्लॅम्प जिथे एकमेकांना टेकतात, तिथे शिशावर करडा, मंद थर धरतो. सेल्फ मारताना त्या सांध्यातून दीड-दोनशे अँपिअर करंट जातो. सांध्यात नुसता 0.01 ओहम रोध आला, तरी 200 अँपिअरला 2 व्होल्ट तिथेच जिरतात. सेल्फच्या ओढीने बॅटरी आधीच दहा-अकरा व्होल्टवर उतरलेली असते, त्यात हे गेले की नुसतं टक् वाजतं. दिवे लागतात, काचा खाली-वर होतात, कारण त्यांना करंटच थोडा लागतो. मग चांगली बॅटरी उगाच बदलली जाते.

ब्रशच्या एका तोंडाला वाटी असते, तिच्यात तारा आतल्या बाजूला वळलेल्या. ती पोस्टवर बसवून हलक्या हाताने चार-पाच फेरे द्यायचे. दुसऱ्या तोंडाचा निमुळता ब्रश क्लॅम्पच्या आत फिरवायचा. शिसं चांदीसारखं चकाकलं की थांबायचं. तारांऐवजी धारदार पाती असलेला रीमर काही किटमध्ये येतो, तो टाळलेला बरा. शिसं मऊ असतं, पाती ते तासून काढते आणि पोस्ट बारीक झाली की नट कितीही आवळला तरी क्लॅम्प फिरतच राहतो.

घेण्याआधी माप पाहा. नेहमीच्या जाड पोस्टचा वरचा व्यास पॉझिटिव्हला सुमारे 17.5 मिमी आणि निगेटिव्हला 15.9 मिमी असतो. जपानी धर्तीच्या छोट्या बॅटऱ्यांवर बारीक पोस्ट असतात, अंदाजे 14.7 आणि 13 मिमी. जाड पोस्टसाठीची वाटी बारीक पोस्टवर नुसती गरगर फिरते, तारा टेकतच नाहीत. अशा बॅटरीला किटपेक्षा सँडपेपरची पट्टी पोस्टभोवती गुंडाळून ओढलेली उत्तम.

क्लीनरकडे वळण्याआधी सोडवण्याचा क्रम. इंजिन बंद, चावी काढलेली, आधी निगेटिव्ह सोडायचा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. निगेटिव्ह जोडलेला असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो आणि चार्जिंगनंतर बॅटरीभोवती हायड्रोजन असेल तर ती ठिणगी महागात पडते. बहुतेक ठिकाणी 10 मिमीचा पाना लागतो. गंजलेला क्लॅम्प स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. पोस्ट आणि केसमधला सील तुटतो, मग ॲसिड तिथूनच झिरपत राहतं आणि पूड कायमची पाठीशी लागते. नट ढिला करून क्लॅम्पचं तोंड किंचित फाकवा, तरीही निघाला नाही तर पुलर, म्हणजे क्लॅम्प सरळ वर ओढणारं अवजार, लावा. निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा काळा डबा आणि त्याला बारीक वायर दिसली, तर तो बॅटरी सेन्सर आहे. त्याला धरून ओढू नका, त्यावर पाणी किंवा स्प्रे मारू नका. काही गाड्यांत बॅटरी सुटली की रेडिओचा कोड मागितला जातो आणि काचांचं ऑटो बटण पुन्हा शिकवावं लागतं, तेवढं मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा.

क्लीनर स्प्रेची एक जमेची बाजू आहे: काहींत रंग बदलणारा घटक असतो, ॲसिड उरलं असेल तिथे फेस वेगळ्या रंगाचा दिसतो. बाकी रसायन तेच. एक कप पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घाला, जुन्या टूथब्रशने लावा. फसफसतं तोवर ॲसिड शिल्लक आहे, फसफस थांबली की थोड्या साध्या पाण्याने धुवून कोरडं पुसा. झाकणांची बॅटरी असेल तर झाकणं घट्ट आहेत ना बघा, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारेल. कोला ओतण्याचा सल्ला सोडून द्या. पूड विरघळते, पण ॲसिडवर पुन्हा ॲसिड आणि वर साखरेचा चिकटा. या पुडीत शिशाचं सल्फेट असतं, हिरवट-निळी असेल तर तांब्याचंही. हातमोजे आणि चष्मा घाला, कोरडी पूड फुंकू नका, आणि फडकं घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

वॉशर क्लॅम्पच्या खाली पोस्टभोवती बसतात आणि सीलमधून येणारी वाफ शोषतात. पोस्ट आखूड असेल तर वॉशरच्या जाडीमुळे क्लॅम्प वर उचलला जातो आणि अर्ध्यावरच पकड घेतो. अशा वेळी वॉशर सरळ काढून टाका. संरक्षक स्प्रे मारायचा तो क्लॅम्प आवळून झाल्यावर, बाहेरून. पेट्रोलियम जेलीचा पातळ थरही हेच काम करतो, फक्त बॉनेटखालच्या उष्णतेत ती ओघळते आणि धूळ धरते. इथे स्प्रेचा टणक थर जास्त टिकतो, म्हणून त्याला अर्धा गुण जास्त.

कुठलाच किट केबलच्या आतलं काही करू शकत नाही. ॲसिड तांब्याच्या तारांमधून इन्सुलेशनखाली वर चढतं. क्लॅम्पजवळची केबल फुगलेली, कडक झालेली, आतल्या तारा काळ्या-हिरव्या दिसल्या, तर ब्रश फिरवून उपयोग नाही. मल्टिमीटरने खात्री करता येते: एक प्रोब थेट पोस्टच्या शिशावर, दुसरा क्लॅम्पवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. 0.1 व्होल्टच्या आत आकडा आला तर सांधा ठीक. मग पॉझिटिव्ह पोस्ट ते सेल्फचा बोल्ट, आणि निगेटिव्ह पोस्ट ते इंजिन ब्लॉक, असं मोजा. सांधे चकचकीत असूनही इथे अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर केबल बदला.

स्वच्छ केल्यावर काही आठवड्यांत पूड परत आली, तर चार्जिंग व्होल्टेज बघा. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.7 च्या दरम्यान असावं. 15 च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडून बॅटरीला उकळवतो आहे. व्होल्टेज ठीक असूनही एकाच पोस्टला पूड येत असेल तर त्या पोस्टचा सील गेलाय, बॅटरी बदलणं हाच इलाज.

काही किटमध्ये पट्टी आणि दोन बोल्टचे तयार टर्मिनल येतात, जुना क्लॅम्प कापून केबल दाबून बसवायचे. अडल्या वेळी गाडी घरी आणण्यापुरते ठीक. गंजलेल्या तारांवर पट्टी आवळली की सांधा तापतो आणि सैल पडतो. कायमचं करायचं तर तारा चमकत्या दिसेपर्यंत केबल कापा, थिंबल (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, वर गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी चढवा. केबल आखूड पडत असेल तर नवीनच घ्या, जोड देऊ नका.